जाळ्यातली गाठ

ता. ३ जून

माझ्या घराला तू ‘गाठ’ म्हणालीस, ते मला मुळीच आवडलेलं नाही. तुझे आजोबा गाठीनंच गेले. जिभेला काही हाड?

चि. भिंगरीस, आता आशीर्वाद घे. तू ठेवून गेलेला कॉम्प्युटर मागच्या खोलीत चालूच आहे. कुणी हात लावला नाही की तो तुमच्या त्या कॅन्सरच्या कामाची गणितं करतो म्हणालीस. करतो बाई, सुनेसारखा कुरकुरत. पण दुपारी मी भाजी निवडायला बसले की काळ्या पडद्यावर आकडा उमटतो. ७०४१६. शाळा मी दुसरीत सोडली, पण हा आकडा पाठ आहे. आजोबांच्या गाठीचा तुकडा होता त्या काचपट्टीवर हाच आकडा होता. ती पदरात गुंडाळून मी तीन दवाखाने फिरले. तो इथं कसा?

तुझी आजी

ता. १५ जून

तीर्थरूप आजीस सा. न.

रागावू नकोस. जाळ्यात दोरे मिळतात ती गाठ, एवढंच म्हणायचं होतं. सात देशांतले दवाखाने अशा तुकड्यांचे फोटो एकत्र करतात आणि हजारो घरांतले कॉम्प्युटर ते तपासायचं काम वाटून घेतात. नाव, नंबर आधीच पुसलेले असतात. आणि तुझ्या पडद्याची तर वायरच मी काढून ठेवली होती! चष्मा बदल, म्हातारे. मी मजेत आहे. काम फार आहे. लोभ असू दे.

तुझी भिंगरी

ता. २७ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

म्हातारी असेल तुझी सासू, मिळेल तेव्हा. सुईत दोरा मी अजून ओवते. वायर कपाटात तू गुंडाळलीस तशीच आहे. पडदा हाताला गार लागतो, तरी आकडा येतो. शेजारच्या मास्तरीणबाईंना दाखवला, त्यांना काही दिसेना. पण चहा न घेताच निघाल्या. मला भीती नाही. तुझ्या आजोबांना जिवंतपणी घाबरले नाही, आता काय घाबरणार?

परवापासून खाली दुसरा आकडा येतो. २२९०५३, आणि शेवटी दोन डोंगर काढल्यासारखं इंग्रजी अक्षर. हा कुणाचा?

आजी

ता. ८ जुलै

ती. आजी,

पत्र वाचून आकडा ताडून पाहिला. तो नंबर माझा आहे. अक्षरासकट. काखेत वाटाण्याएवढी गाठ लागली म्हणून मे महिन्यात दवाखान्यात नाव घातलं, तेव्हा मिळालेला. तुकडा काढायचा दिवस दिला होता, मी गेलेच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या गाठी तपासते आणि स्वतःचा कागद खणात उपडा घालून ठेवला. कुणालाही सांगितलं नव्हतं. आकडा अजून येतो का गं?

भिंगरी

ता. १९ जुलै

भिंगरे,

येतो. वरचा आता फिका पडत चाललाय. तुझा गडद होतोय.

आजोबांनी ‘उद्या जाऊ’ म्हणत सहा महिने घालवले आणि मी गप्प बसले. एकदा बसले तेवढं पुरे. पत्र हातात असेल तशी उठ आणि जा. रडायचं तर वाटेत रड. माझा लोभ आहे, तो मागायला लागत नाही.

याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. ‘मजेत आहे’ वाचून झालं माझं. तुकडा काढतील त्या डॉक्टरीणबाईंनी लिहायचं, स्वतःच्या हातानं, आणि खाली सही करायची.