बारदानातलं चाक

धुळे,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

प्रिय योगराजभाऊ,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील, कारण तुझी गुलाबाच्या फुलांची सुप्रभातं फोनवर रोज न चुकता येतात. मी फोन केला की मात्र दोन मिनिटांत सुरतची रेंज जाते. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. कागदावर तुला मधेच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येणार नाही.

आधी घरची खबर. ऊन आत्ताच जीव घ्यायला लागलंय. आईच्या कुरडया घालून झाल्या, गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. दुकानात कूलरच कूलर आलेत. आबा दिवसभर त्यांच्या मोटारी खोलून बसतात आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कूलरवाल्या कंपन्यांना शिव्या देतात.

गेल्या आठवड्यात जळगावकडचे एक नवलभाऊ आले. केळीचा बाग आहे, आणि नाद आहे जुन्या मोटारसायकलींचा. टेम्पोत घालून त्यांनी एक विलायती स्क्रॅम्बलर आणली होती. माती, नाला, डोंगर, कुठेही घालावी अशी गाडी, माझ्यापेक्षा वयाने मोठी. दोन्ही चाकांचे स्पोक गंजून गेलेले. कोणीतरी सांगितलं म्हणे, खानदेशात असं चाक नव्याने बांधणारा एकच माणूस, धुळ्याचे निंबा आबा. आबांनी मान वर न करता सांगितलं, “मी चाकं बांधत नाही,” आणि पुन्हा कूलरमध्ये डोकं घातलं. नवलभाऊंचं तोंड एवढंसं झालं. आबा आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, चाकं ठेवून जा, मी बघते.

हसू नकोस. तुला शिकवताना आबांच्या बाजूला निपलांची, स्पोक आवळायच्या त्या बारक्या नटांची, वाटी धरून कोण बसायचं? मीच. तुझं लक्ष रस्त्यावरच्या गाड्यांकडे असायचं, माझं वाटीकडे आणि आबांच्या बोटांकडे. पण नुसतं बघणं वेगळं आणि हात चालणं वेगळं. दुसऱ्याच्या गाडीवर हात बसवायचा कसा? एक जुनं चाक हवं होतं, पूर्ण सोडून पुन्हा बांधायला. आणि आपल्या दुकानात मोटारसायकलचं एकच चाक उरलंय. माळ्यावरचं, बारदानात गुंडाळलेलं.

तेच. चोपड्याच्या शर्यतीतलं.

तुला सगळं माहीत आहे, पण मला एकदा ओळीने लिहून बघायचंय. आबांनी आपली येझदी मातीच्या शर्यतीसाठी तयार केली. चालवणार होतास तू. ऐनवेळी तुला ताप भरला म्हणून मामांचा जितेंद्र बसला. दुसऱ्याच फेरीत, उतारावर, पुढचं चाक चेपून बसलं. जितूचा पाय गाडीखाली गेला तो कायमचा अधू झाला. दवाखान्यात आबा मामांसमोर हात जोडून म्हणाले, “चाक मी बांधलं होतं.” त्या दिवसापासून आबांनी चाक हातात घेतलं नाही आणि आई माहेरी गेली नाही. पुढच्या महिन्यात तू सुरतेला गेलास. या गोष्टीला सात वर्षं झाली.

तर आबा बाजारात गेल्यावर मी ते चाक खाली काढलं आणि बारदान सोडलं. पहिली गंमत ऐक. सगळे म्हणत आले की स्पोक तुटले. एकही स्पोक तुटलेला नाही. ज्या बाजूने चाक बसलं त्या बाजूचे स्पोक निपलांमधून अख्खेच्या अख्खे निसटून आलेत, टोकाचे आटे घासून गुळगुळीत झालेत. असं का व्हावं, मला कळेना. मग न निसटलेला एक सोडून मोजला. निपलात तीन-चार आटेच धरले होते. म्हणजे स्पोक आखूड पडत होते.

आखूड का? रिम बघितली. हलकी, ॲल्युमिनियमची. आबांनी बसवलेली लोखंडी होती, ती रंगवायला मीच ब्रश धरला होता. कोणीतरी रिम बदलली होती आणि स्पोक जुनेच वापरले होते. दिसायला चाक सरळ, पण आतून कशानेच कशाला धरलेलं नाही.

दुसरी गंमत. आबा प्रत्येक निपल जवसाच्या तेलात बुडवायचे, आठवतं? तेल वाळलं की डिंकासारखं चिकटतं आणि निपल ढिला होत नाही. या चाकात तेलाचा डागसुद्धा नाही.

तिसरी. हवा भरायच्या भोकासमोर दोन स्पोक एकमेकांवर आडवे आलेत. पंपाची तोटी लावायची तर बोटं सोलून निघतील. आबा हे चाक बघून म्हणाले असते, “सोड, परत बांध.” रोज म्हणायचे, एकाच माणसाला. त्या माणसाच्या चाकात ते भोक काही केल्या मोकळं राहायचं नाही. कोण होता रे तो?

आई जेवायला हाका मारतेय. बाकीचं नंतर.

गुरुवार, १० एप्रिल

हे पत्र काल टाकणार होते. बरं झालं टाकलं नाही.

खरं सांगते, मंगळवारी मी तुला थोडं खेळवत होते. तूच कबूल करावंस, आबांना फोन करावास आणि आबांच्या मनावरचं ओझं उतरावं, एवढाच माझा डाव होता. राग तर असा आला होता की तू समोर असतास तर निपलांची वाटी फेकून मारली असती. आपला बाप सात वर्षं स्वतःला खातो आणि हा तिकडून गुलाब पाठवतो.

काल दुपारी मी चाक स्टँडवर तसंच सोडून चहा आणायला गेले. परत येते तर आबा स्टँडसमोर उभे. म्हणाले, “खोलंच का मंग?”

मी गप्प बसणारी नाही. आटे, रिम, जवसाचं तेल, सगळं भडाभडा बोलून टाकलं. म्हटलं, आबा, हे चाक तुमचं नव्हतंच, तुम्ही उगाच जळताय. वाटलं, त्यांना सुटल्यासारखं होईल. आबांनी मला बोलून संपवू दिलं आणि शांतपणे म्हणाले, “माले माहीत शे. तवयपासून.”

भाऊ, मी कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, तेव्हापासून म्हणजे कधीपासून?

त्यांना तिथेच, मैदानावरच कळलं होतं. जितूला गाडीत घातलं आणि वळून त्यांनी चाक उचललं. एका नजरेत ओळखलं. दुसऱ्या कोणाच्या हातात जायच्या आत बारदानात त्यांनीच गुंडाळलं. मी विचारलं, मग दोष अंगावर का घेतला? तर म्हणे, “त्यानं बठ्ठं आयुष्य पडेल व्हतं. मन्हं काय जाई?” तुझं सगळं आयुष्य पुढे होतं ना, त्यांचं काय जाणार होतं!

बरं, दोष घेतला. पण मला एक गोष्ट तरीही कळेना आणि विचारल्याशिवाय मला राहवत नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे. तुमचा हात साफ होता हे तुम्हाला ठाऊक होतं, मग चाकं बांधायची का सोडली? त्या कामावर तर तुमचा जीव होता.

आबांनी कूलरच्या मोटारीचा पंखा फिरवून बघितला. मग बोलले. एकही शब्द निसटू नये म्हणून मी साध्या मराठीत लिहिते. म्हणाले, “मी बांधत राहिलो असतो आणि माझं एकही चाक तुटलं नसतं, तर कोणीतरी एक दिवस विचारलं असतं की मग तेवढं एकच कसं तुटलं? काम सोडलं की कोणी विचारत नाही.”

आपल्याला वाटायचं, आबा घाबरले, हिंमत गेली. मीसुद्धा मनात त्यांना तसंच म्हटलंय. ते तुझं नाव झाकून बसले होते.

उठताना मला म्हणाले, “त्याले काही लिखू नको.” मी हो म्हटलं. आणि लिहितेय.

माझा राग रात्री थोडा उतरला. तू बावीस वर्षांचा होतास, गाडी हलकी करून जिंकायचं होतं, म्हणून आबांना न सांगता रिम बदललीस. तुला ताप आला नसता तर त्या चाकावर तूच बसला असतास, हे मी विसरलेले नाही. तू सुरतेत रोज काय घेऊन झोपत असशील, तेही मला थोडंफार कळतं. पण जितूने दिवाळीला माझ्याशी फोनवर बोलताना काय विचारलं ठाऊक आहे? “आबा अजून चाकं बांधत नाहीत का? त्यांना सांग ना, माझ्या मनात काही नाही.” पाय त्याचा गेला आणि समजूत तो आबांची काढतोय.

मी कोणालाही सांगणार नाही. मामांना नाही, आईलाही नाही. आबांनी एवढी वर्षं जे जपलं ते माझ्या तोंडून फुटलं तर त्यांचं सगळं पाण्यात जाईल. हे बोलायचा हक्क एकट्या तुला आहे, आणि बोलायचं ते पहिल्यांदा जितूसमोर. मामा ओरडतील. ओरडू देत.

माहेरवाशिणींचा सण, आखाजी, तीस तारखेला आहे. आई दरवर्षी भावासाठी म्हणून सांजोऱ्या तळते, बोलावणं येत नाही, मग संध्याकाळी गल्लीत वाटून टाकते. वर म्हणते, यंदा जास्तच झाल्या गं. यंदाही तळणार आहे, रवा आणून ठेवलाय.

नवलभाऊंचं चाक मी बांधायला घेतलंय. आबा हात पाठीमागे धरून दारात उभे राहतात, माझं चुकलं की खाकरतात, पण पान्याला बोट लावत नाहीत. आज सकाळी मी पाना पुढे केला तर आत निघून गेले. माझ्या हातून ते घेणार नाहीत भाऊ.

तू फोन करू नकोस. आधी चोपड्याला, जितूकडे जा, मग घरी ये.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरीही तुझीच,
मोहिनी