पाठीवरची पोटली

अहमदनगर, पौष वद्य, १९७२

चि. कानिफनाथ यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर बरी आहे का? सूनबाईचा खोकला थांबला का? आत्याबाईंना नीट दिसतं का?

इथे दवाखान्यात तुझ्या आप्पांचा लकव्याचा हात थोडा हलू लागलाय. काळजी नको.

परवा दुपारी ते पूर्वीसारखे घोरू लागले. गाढ झोप परतली म्हणून मी सगळ्या खाटांवर गूळ वाटला. डॉक्टर म्हणाले, "आजी, घोरणं नका ऐकू, मधली शांतता ऐका." ऐकलं, तर मध्येच श्वास थांबत होता. लकव्याने घसा सैल पडतो, उताणं निजलं की वाट बुजते, म्हणाले.

मग मी त्यांच्या बंडीच्या पाठीला ज्वारीची पोटली शिवली. उताणे झाले की ती रुतते आणि ते कुशीवर वळतात. आप्पा बोबडं बोलले, "गाढव समजलीस का मला, ओझं लादायला?" बोलले, हेच पुष्कळ.

घरीही ते निजले की कुणीतरी जवळ जागं हवं. मी आहेच, पण माझाही डोळा लागतो रे. पाटाच्या पाण्याला लावतो तशी पाळी लावा. कोण कधी बसेल ते लवकर लिही. त्यावाचून मी त्यांना इथून हलवणार नाही.

तुझी आई,
राहीबाई