वयांची बेरीज

३ ऑक्टोबर १९६१

साहेब म्हणाले, "तुमचा तो पडताळा बंद करावा म्हणतो, बाई."

माझा पडताळा! मतदारांच्या जुन्या यादीत दर पानावर पंचवीस नावं. त्यांच्या वयांची बेरीज आधी करून ठेवायची. कारकुनानं पान उतरवलं की नव्या पानाची बेरीज करायची. जुळली तर नाव गळलं नाही. मग खाली माझी सही — पडताळले. यात काय चुकलं?

"वेळ जातो," म्हणाले. किती? ते त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. मोजायचं ठरलं. दहाव्या हिश्श्याहून जास्त गेला तर बंद.

जामसिंगला बोलले नाही. आमच्या दोन कारकुनांपैकी तो मोलगीकडचा, डोंगरातला. मागच्या निवडणुकीत त्याची आई भिकुबाई सहा कोस चालून केंद्रावर गेली आणि यादीत नाव नाही म्हणून परत आली. "औंदा राहील ना, ताई?" विचारत होता. राहील म्हटलं. शब्दच दिला.

५ ऑक्टोबर

सारंगखेड्याच्या याद्या. काल पडताळ्याशिवाय दोघांची मिळून तीस पानं. (ती मी घरी आणून पडताळली.) आज पडताळ्यासह चोवीस. पाचवा हिस्सा गेला.

रूपचंद, दुसरा कारकून, कुरकुरला — "ताई, तुम्ही घडी लिसन पाठीमांगे उभ्या ऱ्हातस, मंग हात कसा चाली?" म्हणून घड्याळ घेऊन दूर बसले. तरी चोवीसच.

घरी आबा म्हणाले, "बी.ए. व्हईसन घड्याळ देखाना धंदा लागना का तुले?" माय हसली. मीही हसले, पण जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर

कचेरीचं घड्याळ पोस्टातल्या घड्याळाशी लावून पाहिलं. बरोबर आहे.

१० ऑक्टोबर

काही कळेनासं झालंय. आता मोलगीकडच्या याद्या. काल पडताळ्याशिवाय तीस. आज पडताळ्यासह अठ्ठावीस! तीच माणसं, तोच टाक, तीच पंचवीस नावं. उलट रूपचंदची दाढ दुखत होती. मग चार पानं वाचली कुठे? हात बसला म्हणावं तर पाच दिवसांत इतका?

११ ऑक्टोबर

दोन्ही आकडे साहेबांपुढे ठेवले. कारण सांगता येत नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "उरल्यात त्या डोंगरातल्याच याद्या ना? मग तेवढाच आकडा लिहा. पंधरावा हिस्सा. पडताळा राहू द्या."

जिंकले. पण कशामुळे?

१४ ऑक्टोबर

कारण सापडलं, आणि ते रूपचंदला पहिल्यापासून माहीत होतं. "तठली वयं सोपी शेतस ना, ताई. तीस, चाळीस, पन्नास. बेरीज लगेच व्हई जास." मी पानं चाळली. खरंच. डोंगरात कुणाला जन्मसाल ठाऊक नाही. नावं नोंदवणारा तोंड पाहून अंदाजानं वय लिहितो. सारंगखेड्यात सदतीस, त्रेचाळीस, एकोणतीस — तिथे हातचे धरावे लागतात.

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कोठे पुसं?"

किती हलकं वाटलं! अहवालात एक ओळ वाढवली — डोंगरी गावांत पडताळा स्वस्त पडतो. साहेबांनी त्या ओळीखाली रेघ मारली. आवडली म्हणून.

१७ ऑक्टोबर

याद्या शिवून झाल्या. उद्या धुळ्याला जाणार. जामसिंगनं आईचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

रूपचंदनं उतरवलेलं पान. भिकुबाई नाही. दगूबाई दोनदा. जुन्या यादीत दोघी एकीखाली एक आहेत, दोघींचं वय चाळीस. बेरीज नऊशे साठ, तिकडेही, इकडेही. खाली माझी सही.

डोंगरातली बाकीची एकशे एकसष्ट पानंही जुळलेलीच आहेत.