रागिणीचा दाखला

बाबा,
तुमचा सदरा धुताना खिशात आपल्या धाकल्या रागिणीचा शाळेतून दाखला काढाचा अर्ज सापडला. तो घेऊन मी तिच्यासंगं शाळेत चालली. मॅडमले सांगतो, रागिणी शाळा सोडत नाई.

मले शाळेतून काढलं तवा तुमी म्हणे, घरी शिकून पोरगी सोताचं डोकं चालवन, पुढारी होईन. मंग तुमच्या टाइमटेबलात 'नेतृत्वा'चा तास दसऱ्याच्या आठवड्यातच कावून येते? वर्षभर गणित नाई, अन् शेवंती तोडाले हात कमी पडले का बरोबर तास भरते!

पटल्याबिगर मानू नको, हे तुमीच शिकवलं. नाई पटलं.

भाकरी दुरडीत हाय. आजचं नेतृत्व तुमी करा, चार वाफे तोडाचे रायले.
— प्रतीक्षा