कोबीचं पान, सुई आणि माझ्या कपाळाचे तीन टाके

कारापेगुआ, शनिवार सकाळ

ब्रिखिदाताईस, धाकट्या एउस्तासिओचा (टायर-पंक्चरच्या धंद्यात गावात अजून पहिला) वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजी आणि कोंबड्या, याच क्रमानं, खुशाल असोत.

कळवताना छाती फुगते की तुझ्या भावजयीच्या, फेलिसिआनाच्या, उजव्या स्तनातली गाठ गेली! कापाकापी नाही, एक सुई, चार मिनिटं (घड्याळ माझं, वेळ तिनं बघितली, कारण पुढे येईल). 'सुई नको, कोबीचं पान बांधा' हे तुझं पत्र वाचून मी आधी आडवा आलो होतो, हे कबूल. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते, हे आईचं वचन. शिवाय टोचलं की गळतं आणि गळतं ते पसरतं, हे सत्तावीस वर्षं ट्यूबा जोडून मी स्वतः शिकलेलं. म्हणून अकरा प्रश्नांचा कागद आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टर विल्मानं आधी सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ दाखवली: काठ गुळगुळीत, आत नुसतं पाणी. मी एक जादा सुई मागून मापली. पाऊण मिलिमीटरही नाही! विचारलं, "पसरलं तर?" ती म्हणाली, "अशा पाण्यात पसरण्यासारखं काही नसतं, डॉन एउस्तासिओ. थोडं काळंनिळं होईल. क्वचित पू होतो. ताप आला तर लगेच या. पुन्हा भरली तर पुन्हा काढू. पाणी रक्ताळलेलं निघालं किंवा गाठ उरली, तर पुढे तपासू." पाचव्या प्रश्नाला फेलिसिआना टेबलावरून कडाडली, "अहो, गाठ माझी आहे की तुमची? बाई, टोचा तुम्ही!"

टोचलं. आठ मिलिलिटर पाणी निघालं, त्याच पानांवर पुन्हा पुन्हा गार पाणी ओतलेल्या तेरेरेच्या शेवटच्या फेरीसारखं फिक्कट. गाठ हवा गेलेल्या ट्यूबसारखी सपाट! (हे फेलिसिआनाच्या सांगण्यावरून. मी तेव्हा जमिनीवर होतो. तिला एक चिकटपट्टी, मला कपाळावर तीन टाके.)

तुझा विजयी भाऊ,
एउस्तासिओ

ता. क. टाक्यांचं दाजींना सांगू नकोस.

ता. क. दुसरा. तुझं पत्र पुन्हा वाचलं. कोबीचं पान बांधा म्हणतेस, आणि वर 'डावीकडे नीट बसत नाही, झोपेत घसरतं' असंही लिहितेस. फेलिसिआनाची गाठ उजवीकडे होती, ताई. मी मापात चुकत नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाला गाडी घेऊन दारात येतो. तुझी पाण्याची की कसली, हे ना तुला कळेल ना मला. ते तपासूनच कळेल. तेरेरेचा पेला परत करताना 'आता पुरे' अशा अर्थानं म्हणतेस तसं 'आभारी आहे' म्हणून या फेरीतून सुटता येणार नाही. प्रश्नांचा कागद तुझ्या हातात देईन. मी बाहेर बसेन.