रांग थांबत नाही

८ जुलै

व्यायामवाली आली. आरोग्य केंद्राकडून, आठवड्यातून तीन दिवस. ईर्मानं, माझ्या भाचीनं, मला न विचारता नाव नोंदवून टाकलं. म्हणे, आत्या, पार्किन्सन नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात राहत नाही.

दारातच ती बया म्हणाली, "बाई, ओळखलंत? मी देनिया. तुमच्या शाळेत होते."

एकतीस वर्षं पोरींना कवायत शिकवली. किती जणींची तोंडं लक्षात ठेवू? पण आडनाव मोन्कादा म्हणाली आणि लख्ख आठवलं. मोन्कादा! पांढऱ्या बुटांची!

कॉफी विचारली नाही. आमच्या दान्ली गावात दारावर आलेल्या विक्रेत्यालाही कॉफी आणि मक्याची रोस्किया बिस्किटं दिल्याशिवाय सोडत नाहीत. मी सोडलं.

१० जुलै

कडक खुर्चीवर बसवते. पाय मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, मग उठा. दहा वेळा. वळताना टाचेवर गर्रकन वळायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. मोठ्यानं आकडे म्हणायचे, कारण माझा आवाज खोल गेलाय. (गेलाय खरा. ईर्मा दोनदोनदा 'काय?' विचारते.)

आणि मग मागून — "गुडघा वर, बाई! हनुवटी वर!"

हे माझे शब्द! दर जुलैत संचलनाच्या सरावाला मी रस्त्यावर हेच ओरडत असे. सूरही माझाच उचललाय मेलीनं. तेवीस वर्षं मनात धरून बसली आणि आता माझीच छडी माझ्या पाठीवर.

११ जुलै

स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला चिकटले. चुलीवरचं दूध उतू गेलेलं बघत उभी राहिले.

१५ जुलै

शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. यंदा शाळेला पन्नास वर्षं. पंधरा सप्टेंबरला, आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात, शाळेच्या पुढे मी असावं अशी त्यांची इच्छा. फाटकापासून बागेपर्यंत, चार चौक. ईर्मा लगेच म्हणाली, चाकाची खुर्ची आणू, निळी-पांढरी फुलं लावू.

फुलं मी मेल्यावर लावा म्हटलं. चालत जाईन, नाहीतर जाणार नाही. मुख्याध्यापिका 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्या पायांकडे.

देनियाला सांगावं लागलं. दुसरं आहे कोण? तिनं कॅलेंडर बघितलं. नऊ आठवडे. "होईल. पण माझं ऐकावं लागेल."

ऐकावं लागेल! मला!

२४ जुलै

अंगणात चुन्याच्या रेषा ओढल्यात. पावलापावलावर एक. सपाट जमिनीवर पाय अडतो, पण रेषा दिसली की ओलांडायला उचलतो — डोक्याची काहीतरी गंमत आहे म्हणे. आणि रेषा नसेल तिथे ही स्वतःचा पाय माझ्या पायापुढे आडवा ठेवते. "ओलांडा." शाळेत पोरी एकमेकींना पाडायच्या त्याच पद्धतीनं!

खरं लिहायचं तर पाय उचलतो.

पण चुनाच का? खडू नव्हता? मला आठवण करून द्यायची होती, दुसरं काय.

तर ते इथे लिहूनच टाकते, म्हणजे माझी बाजू कुठेतरी राहील. १९९६ चं संचलन. पांढरे बूट सक्तीचे होते, हे महिनाभर आधी सांगितलं होतं. ही मोन्कादा काळ्या बुटांना भिंतीचा चुना फासून आली. दुसऱ्या चौकात चुन्याला तडे गेले, पोपडे पडायला लागले, मागच्या पोरी हसायला लागल्या. मी तिला दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं. सगळ्या गावासमोर. नियम तो नियम. एकीसाठी सूट दिली असती तर दुसऱ्या वर्षी निम्म्या पोरी चपला घालून आल्या असत्या. आणि मी रांग थांबवली नाही. माझा पहिला धडाच तो — कोणी पडो, रडो, चक्कर येवो, रांग थांबत नाही.

बरोबरच केलं मी.

१ ऑगस्ट

ढोलांचा सराव सुरू झाला. दुपारी तीनला गल्ली दणाणते. यंदाच्या पोरी डाव्या पायाला उशीर करतात. बाकी ढोल वाजत असले की माझे पाय आपोआप चालतात. देनियाला हे सांगणार नाही. तिच्या खात्यात जमा होईल.

१२ ऑगस्ट

स्वयंपाकघराचं दार न अडता ओलांडलं! पाच वेळा! देनिया हसली. मला त्यात नुसते दात दिसले.

ईर्मा तिला मागच्या दारी चोरून कॉफी देते. वास येतो मला. नाक अजून मेलेलं नाही.

१९ ऑगस्ट

अक्षर बघा. मुंग्या बऱ्या. देनिया म्हणते एक ओळ सोडून, मोठं लिहा. तिला काय कळतं माझ्या वहीतलं?

२१ ऑगस्ट

पडले. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला.

ईर्मा धावत आली. काय झालं म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं — "हिनं पाय आडवा घातला."

देनिया तीन हात लांब होती. मी टाचेवर गर्रकन वळले होते, रस्त्यावर वळायची तशी. तिला दाखवायचं होतं, बाई कशी वळते ते. तिनं पाणी आणलं. जखम धुतली, पट्टी बांधली आणि गेली.

२३ ऑगस्ट

आरोग्य केंद्रात तक्रार दिली. ईर्माकडून लिहून घेतली, सही माझी. ईर्मानं दोनदा विचारलं, "आत्या, नक्की ना?" नक्की, म्हटलं. एकदा बोललं ते बोललं.

२७ ऑगस्ट

तिला दुसऱ्या भागात पाठवलं. जिंकले!

२ सप्टेंबर

नवा माणूस ऑक्टोबरमध्ये मिळेल म्हणतात. परवाच्या पावसानं चुना धुवून नेला. ईर्मानं रेषा ओढल्या त्या वाकड्यातिकड्या, आणि ती मला दोन्ही हात धरून ओढते, हातगाडी ओढावी तशी. आज न्हाणीघराच्या दारात अडकले. पाऊण तास. ईर्मा बाजारात गेली होती. भिंत धरून मीच ओरडत राहिले, गुडघा वर, हनुवटी वर. पाय ढिम्म हलले नाहीत.

तेरा दिवस राहिले.

६ सप्टेंबर

देनिया आली. कामावर नव्हे, साध्या कपड्यांत. मला वाटलं भांडायला आली. मीही कंबर कसून तयार होते.

म्हणाली, "त्या दिवशी मी पाय घातला नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे." मी भिंतीकडे बघितलं. ती म्हणाली, ते राहू दे, मी त्यासाठी आले नाही, पंधरा तारखेसाठी आले.

मग मीच फुटले. म्हटलं, कशाला सोंग करतेस? बुटांचा सूड घ्यायचा होता ना? घेतलास की!

ती बसली. कडक खुर्चीवर, माझ्याच.

"ती मी नव्हे, बाई. ती ग्रिसेल्दा. माझी थोरली बहीण."

दोघींत पांढऱ्या बुटांची एकच जोडी होती. थोरलीनं ती धाकटीला दिली आणि स्वतःच्या काळ्या बुटांना चुना लावला. देनिया तिच्या मागेच चालत होती. मी ग्रिसेल्दाला बाहेर ओढलं तेव्हा ती रस्त्याकडेला रडत उभी होती, आणि देनिया हनुवटी वर करून तिच्याजवळून पुढे गेली.

"थांबले नाही मी. तुम्ही शिकवलं होतं ना. पुढच्या चौकात तुम्ही मला शाबास म्हणालात."

मला ते आठवत नाही. कोणालाही म्हणत असे मी शाबास.

ग्रिसेल्दा पुन्हा शाळेत आली नाही. बाराव्या वर्षी तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या शिरा सोलायला बसली. अजून तिथेच आहे. मी विचारलं, मग तू माझ्याकडे का आलीस? म्हणाली, यादीत नाव आलं म्हणून आले. "आता माझ्यासमोर कुणी अडलं की मी थांबते. तुम्ही असलात तरी."

मग उठली आणि अंगणात रेषा ओढून गेली. सरळ. मी ईर्माला कॉफी टाक म्हटलं तेव्हा फाटक वाजलं होतं.

७ सप्टेंबर

चोराच्या मनात चांदणं, असं मीच पोरींना सांगायचे.

एक गोष्ट राहून राहून टोचते. त्या मुलीचं पहिलं नाव मी तेवीस वर्षांत कोणाला विचारलंच नव्हतं.

११ सप्टेंबर

रेषांवरून वीस फेऱ्या. एकटीनं. ईर्माला म्हटलं, केंद्रात कळव, तक्रार खोटी होती. तिनं बशी आपटली. आपटू दे.

१४ सप्टेंबर

पांढरे बूट पॉलिश केले. हात थरथरतो, तरी चमकले. रस्त्यावर रेषा नसणार.

१५ सप्टेंबर

दोन चौक चालले. ढोल मागे, हनुवटी वर. तिसऱ्या चौकात, औषधाच्या दुकानासमोर, पाय चिकटले. सगळ्या गावासमोर. मनात म्हटलं, या आता दोन्ही बाजूंनी पुढे निघून जातील. मीच शिकवलंय.

रांग थांबली. रांगेच्या तोंडाशी काठी फिरवणारी बारा वर्षांची पोर थांबली आणि मागच्या दोनशे जणी जागेवर पाय आपटत उभ्या राहिल्या. चला, मूर्खांनो, असं ओरडणार होते. आवाजच फुटला नाही.

गर्दीतून देनिया आली. माझ्या बुटापुढे स्वतःचा पाय आडवा ठेवला. मी तो ओलांडला नाही. आधी विचारलं, "ग्रिसेल्दा कुठे राहते?"

"आधी पाय उचला, बाई. मग सांगते."

उचलला.