सुकाणूवर पाणी

सोम. ३ नोव्हें., अल ऐन

आज तिसऱ्यांदा फजिती. अकरा मीटर लांब फुगा, पोटात हायड्रोजन, खाली आम्ही दोर धरून, इंजिनियर मृणालमॅडमच्या हातात रिमोट. सुकाणू फिरलं, फुगा ढिम्म. वारा नेईल तिकडे. पाइपलाइनवरून उडत गळती बघायची ह्याने, आणि हा...

मॅडम म्हणाल्या, सुकाणू मोठं करू. म्हटलं, उपयोग नाही. आमच्या होडीत पंख्याचं पाणी सुकाणूवर पडतं म्हणून होडी वळते. इथे पंखा पोटाखाली, सुकाणू शेपटीला. पाणी पोचणार कसं?

फोरमन हनीफ पोट धरून हसला. "हवा में पानी? तू कपडा जोड." मी पार्किंगच्या शेडचं कापड जोडणारा माणूस ना. पाणी म्हटलं ते चुकलं, मुद्दा नाही चुकला.

मॅडम हसल्या नाहीत. पुण्याच्या असून.

मंगळ. ४

मॅडमचा फोन, दुबईहून, जुमेराच्या ऑफिसातून. "दिलीपदादा, तुमचं बरोबर आहे. सुकाणूच्या पुढे छोटा पंखा हवा. पण सेफ्टीवाला मोटर गॅसजवळ नको म्हणतोय." त्याचंही खरं, ठिणगी पडली की खलास. मग ठरलं, शेपटीतून दीड मीटर दांडा काढायचा, त्यावर मोटर, तिच्या मागे सुकाणू. नाकात वजनाला वाळूची पिशवी. दांड्याचा खिसा मी करतो म्हटलं.

गुहागरहून बायकोचा फोन. सुरेखा म्हणते, "अजून फुगेच फुगवताय?" म्हटलं, हो, तुला काय त्रास? नंतर वाईट वाटलं.

गुरु. ६

खिसा जोडला. साबणपाणी लावलं, एक बुडबुडा नाही.

हनीफ कागद घेऊन आला. सोमवारपासून माझी बदली, लांब रुवैसला, शेड लावायला. शनिवारी क्लायंटचा माणूस येणार, फुगा नाही वळला तर प्रोजेक्ट बंद. ह्यांनी आधीच बंद धरलंय. "यल्ला, जल्दी साइन कर." नाही केली. काय करायचं ते करा.

शनि. ८

वळला. डावीकडे अख्खा गोल मारला, दोर धरून मी खाली पळतोय. रडलो, लाज कसली. मॅडमही रडल्या.

उजवीकडे मात्र जाईना, पंखा एकाच अंगाला ओढतो. हनीफ लगेच, "सिर्फ लेफ्ट?" म्हटलं, "तीन बार लेफ्ट मारेगा तो राइट ही हुआ ना." क्लायंटच्या माणसाने मॅडमना अर्थ विचारला, हसला. मग म्हणाला, दोराने कोणीही फिरवेल. सोमवारी दोर सोडून दाखवा.

मी ओढला नव्हता. आईशप्पथ नव्हता ओढला.

रवि. ९

दुपारचा वारा इथून सरळ ओमानकडे, बॉर्डर ही समोर. सेफ्टीवाल्याने लिहून घेतलंय, फुगा नाही वळला तर बॉर्डरच्या अलीकडे बटण दाबायचं, सगळा गॅस सोडून वाळूत पाडायचा. मग फुगाही गेला, कामही गेलं.

मॅडम म्हणाल्या, "ते बटण तुम्ही धरा, दादा. माझ्याच्याने नाही होणार."

द्या म्हटलं. त्यांच्यापुढे ऐटीत म्हटलं. खोलीवर आल्यापासून टीव्हीच्या रिमोटवर अंगठा दाबून बघतोय.

रुवैसचा कागद हनीफ उशीवर ठेवून गेलाय. बाजूला सारला. पाडायचाच असेल तर मी पाडीन, हनीफ नाही. पण आधी त्याला वळायला पुरती जागा देणार, अगदी बॉर्डरच्या कुंपणापर्यंत. उद्या दुपारी तीनला दोर सोडतोय.